जबड्याचा सातबारा

माझ्या वडिलांचा खालचा जबडा माझ्याकडे नऊ प्रतींत आहे.

मिरजेत स्टेशन रोडच्या मागच्या बोळात माझी दातांची लॅब आहे. तिथे खिडकीवरच्या फळीवर प्लास्टरचे नऊ साचे ओळीनं मांडलेत. पहिला दोन हजार तेवीसचा, बाबांचे सगळे दात काढल्यावर तीन महिन्यांनी घेतलेला. त्यात हिरडीचा उंचवटा चांगला बोटाच्या पेराएवढा दिसतो. त्यानंतर दर दोन वर्षांनी एक. दर खेपेला उंचवटा बसत गेलाय आणि नवव्या साच्यात तर तो जवळजवळ सपाट आहे. रांगेसमोर उभं राहून पाहिलं की माणूस कसा संपतो ते एका नजरेत कळतं.

पंचवीस वर्षं मी कवळ्या बनवते आहे आणि कवळी लावणाऱ्यांबद्दल माझं मत काही बरं नाही. ही माणसं कवळी फोटोपुरती लावतात. लग्नात लावतात, व्याही आले की लावतात, आणि पान वाढलं की हळूच काढून रुमालात गुंडाळून खिशात टाकतात. मग दोन वर्षांनी माझ्याकडे येऊन तक्रार करतात की कवळी सैल झाली. अहो, कवळी सैल होत नाही, तुम्ही आटता. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण माझ्याकडे असं बघतो, जणू त्याचं हाड मीच चोरलंय.

बाबा त्यातले मुकुटमणी. सदानंद कुरुंदवाडकर, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त. भूकरमापक म्हणून लागले आणि साहेब होऊन बाहेर पडले. तुझी हद्द इथे संपते, असं लोकांना सांगण्यात उभा जन्म गेला. घरातही तेच केलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. लग्नाआधी घरी घातलेल्या सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. घर आणि म्हैसाळची जमीन यांतला माझा हिस्सा मी धाकट्या भावाच्या, हृषीकेशच्या नावे राजीखुशीने सोडते आहे, असा मजकूर होता. मी विचारलं, "बाबा, म्हणजे माझा हिस्सा होता?" ते म्हणाले, "ज्याचा हक्क असतो तोच सोडू शकतो. सही कर." मी केली. पुढे सहा वर्षांत लग्न मोडलं, मी मिरजेला परत आले आणि लॅबच्या वरच्या खोलीत राहू लागले. बाबांचा डबा मी पोचवते, पण तिथे बसत नाही.

दोन हजार एकोणचाळीसच्या श्रावणात डॉक्टर नसीम बागवान यांनी बाबांच्या जबड्याचं चित्र पडद्यावर लावलं. मी शेजारी उभी होते.

"काका, सहा मिलिमीटर हाड उरलंय," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा हाडाला मोठी जांभई दिली तरी तडा जाऊ शकतो. आणि या वयात तुटलेला जबडा जुळवताना आम्हीही हात टेकतो."

"कवळी नीट बसत नाही म्हणून झालं असेल," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर बाईंनी मग त्यांना जे सांगितलं ते मी हजारदा सांगून थकले होते. हाड म्हणजे दगड नव्हे. शरीर ते रोज थोडं पाडतं आणि रोज थोडं बांधतं. कुठे बांधायचं हे ठरतं ताणावरून. दाताचं मूळ हाडाच्या खोबणीत बारीक तंतूंनी टांगलेलं असतं. आपण घास चावला की ते तंतू हाडाला ओढतात. ती ओढ म्हणजे हाडाला आलेला निरोप, की तुझी गरज आहे. दात गेला की निरोप बंद. शरीर हिशेबी असतं, रिकामं हाड सांभाळत बसत नाही. वर कवळी बसवली तर ती ओढत नाही, नुसती दाबते, आणि दाबानं हाड आणखी लवकर विरतं. खालच्या जबड्यात तर वरच्यापेक्षा चौपट.

"यावर आता जागती कवळी निघाली आहे," त्या म्हणाल्या.

कंपनीनं तिला काही लांबलचक नाव दिलं होतं. जागती हे लोकांनी ठेवलेलं. कवळीच्या आतल्या अंगाला, जिथे ती हिरडीला टेकते तिथे, स्फटिकाचा पापुद्रा असतो. माणूस चावू लागला की तो पापुद्रा बारीक थरथरतो आणि ती थरथर हिरडीतून हाडाला पोचते. हाडाला वाटतं, वर दात आहेत. झीज थांबते आणि पहिल्या वर्षा-दोन वर्षांत थोडं भरूनही येतं. एकच अडचण होती. एकसारखी थरथर दिली तर हाड महिन्याभरात तिला सरावतं आणि दुर्लक्ष करतं, डोक्यावरच्या पंख्याचा आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो तसं. त्याला जिवंत माणसाचं चावणं लागतं, कमी-जास्त, थांबत थांबत, कधी भाकरीचं तर कधी शेंगदाण्याचं. म्हणून चांगले दात असलेल्या कुणीतरी दातांवर पातळ घासपट्टी चढवून चौदा दिवस जेवायचं. त्याची घासनोंद कवळीत भरायची. मग वर्षानुवर्षं तीच नोंद हाडाला ऐकवायची.

"नातेवाईकच पाहिजे असं काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जबड्याचं माप जुळलं आणि माणूस नीट चावणारा असला की झालं. केतकीताईंचं माप मी घेतलंय. हुबेहूब तुमचंच आहे."

बाबा खुर्चीत सरळ झाले.

"म्हणजे मी दुसऱ्याचं उष्टं खायचं?"

"अन्न तुमचंच असेल, काका. फक्त थरथर दुसऱ्याची."

"घास दुसऱ्याचा म्हणजे उष्टंच. पोटच्या मुलाचं एक वेळ चालतं. हृषीचा घास घ्या."

"मी पण पोटचीच आहे," मी म्हणाले.

"तू दिलेली आहेस."

"परत आलेय, बाबा. एकोणीस वर्षं झाली."

"सासर सुटलं म्हणून गोत्र परत येत नाही," ते म्हणाले आणि डॉक्टरांचा फॉर्म पुढे ओढला. दात्याचं नाव: हृषीकेश सदानंद कुरुंदवाडकर. रुग्णाशी नाते या रकान्यात त्यांनी 'पुत्र' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. रकान्यात रेघ मारायची नसते हे चाळीस वर्षं कागद तपासलेल्या माणसाला ठाऊक असतं. तरी मारली.

हृषीकेश पुण्यात बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि जेवण पितो. खरंच पितो. सकाळी एक बाटली, दुपारी एक, आणि संध्याकाळी बायकोबरोबर बाहेर जाऊन काहीतरी मऊ, मधोमध ठेवलेलं, मोठ्या बशीतलं. या माणसाचा घास माझ्या वडिलांचा जबडा वाचवणार होता. मी फोनवर त्याला बजावलं, "चौदा दिवस भाकरी खायची. दाणे, गाजर, हरभरे. पट्टी काढायची नाही."

"हो गं ताई. मला काय कळत नाही का?"

पंधराव्या दिवशी नोंद आली आणि यंत्रानं तिला शंभरात शहाण्णव दिले. डॉक्टर बागवान म्हणाल्या, इतकी दणदणीत नोंद आमच्याकडे आजवर आली नाही. मला वाटलं, दिवट्यानं जन्मात एकदा सांगितलेलं काम केलं, बोलू नये.

पुढचे चौदा महिने बाबा उतावळ्या नवरदेवाच्या थाटात वावरले. कवळी खिशातून कायमची तोंडात गेली, कारण ती चावल्याशिवाय काम करत नाही हे त्यांना पटलं होतं. बोळकं गेलं, गाल भरले, हनुवटी नाकापासून पुन्हा लांब झाली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी समोर, हनुवटीपाशी माप घेतलं ते सात भरलं. गणेश तलावाच्या कट्ट्यावर पेन्शनर मंडळी जमतात. तिथे बाबा डाळिंबाचे दाणे आणि खारे शेंगदाणे घेऊन जात आणि सगळ्यांसमोर कडाकडा चावत. "मुलाचा घास आहे," असं सांगत. "रक्त रक्ताला ओळखतं." त्या कट्ट्यावर निम्म्यांची मुलं अमेरिकेत आणि कवळ्या खिशात, त्यामुळे त्यांचा जळफळाट होई आणि बाबांना ते फार आवडे.

मी डबा घेऊन गेले की मला म्हणत, "तू इतकी वर्षं नुसत्या कवळ्या घासल्यास. हृषीनं चौदा दिवसांत हाड दिलं."

मी डबा ठेवून निघून यायची. घरी आल्यावर कानशिलं ठणकत. मी ते उन्हावर ढकलत असे.

मार्गशीर्षात बाबा म्हणाले, कवळी डावीकडे टोचतेय. मी दहावा साचा घेतला. प्लास्टर सुकल्यावर तो हातात धरला आणि मला पहिल्यांदा वाटलं, माझ्याच हातून काही चुकलं. उजवीकडचा उंचवटा छान वर आला होता, पाचव्या साच्याची आठवण व्हावी इतका. डावीकडे मात्र नवव्यापेक्षाही खोल गेला होता. एकाच माणसाचे दोन जबडे मधोमध सांधल्यासारखं ते दिसत होतं.

डॉक्टरांनी चित्र काढलं. उजवीकडे आठ, डावीकडे साडेचार.

"नोंद एका बाजूची आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दात्यानं चौदा दिवस सगळं उजवीकडेच चावलंय. डाव्या बाजूला निरोपच गेला नाही, आणि काका तिकडेही जोरात दाबतायत. यंत्र एकूण बेरीज दाखवतं, मी बेरीज बघून सही केली. चूक माझी आहे."

चूक कबूल करणारी माणसं मला भेटत नाहीत. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. हृषीच्या उजव्या खालच्या दाढेची कॅप मीच बनवली होती. ती बसल्यापासून तो उजवीकडे चावतच नाही. काही चावायची वेळ आलीच तर तो डावीकडे चावतो.

मी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला.

"हृषी, पट्टी कुणाच्या तोंडात होती?"

"कसली पट्टी?"

"डाव्या बाजूला बाबांचं हाड संपत आलंय. खरं बोल."

त्यानं सुस्कारा टाकला, जणू मीच त्याचा छळ मांडला होता. "अगं ताई, दोन दिवस प्रयत्न केला मी. जबडा दुखायला लागला. चौदा दिवस भाकरी कोण खाणार? आमच्या सोसायटीच्या गेटवर मच्छिंद्र म्हणून सिक्युरिटीवाला आहे, धट्टाकट्टा माणूस. त्याला दिली. जबड्याचं माप बघूनच दिली हं, अॅपवर जुळवलं मी. नोंद चांगली आली ना? मग?"

"बाबांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? त्यांना उष्ट्याचं किती आहे माहितेय ना. त्यांच्या समाधानासाठीच केलं मी."

हा माझा भाऊ. वंशाचा दिवा. स्वतःच्या बापासाठी घास चावायचा कंटाळा आला म्हणून त्यानं तो दुसऱ्याकडून चावून घेतला, आणि वर समाधानाची भाषा.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बापाचा जबडा मोडायला आलाय आणि मुलगी मनात पेढे वाटतेय. इतक्या वर्षांनी पारडं माझ्याकडे झुकलं होतं. माप माझं जुळतं. दात माझे बत्तीस शाबूत. आता माझीच नोंद घ्यावी लागेल आणि त्या रकान्यात 'कन्या' लिहावं लागेल. रेघ मीच मारेन, असंही ठरवून टाकलं. बाबांना काही न सांगता मी घासपट्टी चढवली आणि चौदा दिवस अभिमानानं वागवली.

पंधराव्या दिवशी डॉक्टर बागवान यांनी दार लोटून घेतलं.

"बावीस गुण," त्या म्हणाल्या. "नाही चालणार."

"यंत्र बिघडलंय."

"दोनदा तपासलं. हे बघा." पडद्यावर एक आलेख होता. "हे चावणं. दिवसाला अकरा मिनिटं. तुम्ही जेवता कधी?"

मी आठवून पाहिलं. सकाळी चहा-बिस्कीट, उभ्यानं. दुपारी लॅबमध्ये पोळीची गुंडाळी, एका हातात, दुसऱ्या हातात कुणाचा तरी दात. रात्री दूधभात, कारण तो लवकर संपतो.

"आणि हे काय आहे, ही जाड रेघ?" मी विचारलं.

"हे दाबणं. वरचे दात खालच्यांवर घट्ट रोवून धरणं. त्यात अन्न नसतं. दिवसाला पाच तास." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "केतकीताई, ही नोंद काकांच्या हाडाला ऐकवली तर उरलेलं हाडही जाईल. तुमची कानशिलं दुखत असतील."

मी म्हणाले, ऊन फार होतं यंदा. त्या म्हणाल्या, सध्या पौष चालू आहे.

त्यांनी वेळेसहित यादीच काढून दिली. एकाच दिवसात चाळीस मिनिटं सलग दाबणं कधी होतं, तर सकाळी नऊ ते नऊ चाळीस. तेव्हा मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती. सगळ्या जगाला नावं ठेवत मी जी चीड मिरवत होते, ती माझ्या तोंडातच पाच-पाच तास बसून होती आणि मोजलीही गेली होती.

मग उरला मच्छिंद्र. त्याच्या शहाण्णव गुणांत खोट नव्हती, फक्त त्याची डावी बाजू बंद होती. मी सोसायटीच्या गेटवर फोन केला आणि स्वतःची ओळख सांगितली.

"व्हय ताई, दिली हुती की सायबांनी पट्टी," तो म्हणाला. मच्छिंद्र सरगर, मूळचा जत तालुक्यातला, वय पंचेचाळीस. "म्हनलं, जेवायचंच हाय न्हवं, जेवू. कुनासाठी ते काय सांगितलं न्हाई."

"तुम्ही डावीकडे का चावत नाही?"

"डावी दाढ अर्धी तुटल्या. हुरड्यात खडा आला हुता. तुमास्नी वं कसं कळलं?"

मी सांगितलं. कसं कळलं ते, आणि कुणासाठी तेही. 

"म्हंजी म्हाताऱ्याचं एका अंगाचं हाड माझ्या दाढंमुळं गेलं म्हना की," तो म्हणाला. "आदी सांगायचं हुतं कुनीतरी. गावच्या जत्रंला रजा काढलीच हाय. येतो मी मिरजंला."

तो आला. डॉक्टरांनी त्याची दाढ बसवली, कॅप मी केली. आयुष्यात मी इतकी चांगली कॅप केली नव्हती. पट्टी चढवून तो गावी गेला, चौदा दिवस दोन्ही अंगांनी बाजरीची भाकरी खायला.

इकडे मला बाबांना सांगणं भाग होतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की या वेळी खरं नाव आणि रुग्णाची सही असल्याशिवाय नोंद भरणार नाही. मी दहावा साचा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग तोंडात बोटं घालून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि मोरीत गेले. आतून चुळा भरल्याचा आवाज येत राहिला. मी मोजल्या. बारा.

बाहेर आले तेव्हा बोळकं परत आलं होतं. "रखवालदाराचं उष्टं," ते म्हणाले. "चौदा महिने."

"हृषीनं दिलं."

"हृषीचा काय दोष? कामाच्या गडबडीत असतो तो."

मी इतकी चिडले होते की तो साचा फेकलाच असता. पण दात एकमेकांवर गच्च बसल्याचं माझ्या लक्षात आलं आणि मी तिथून उठले.

पुढे सतरा दिवस बाबा दहीभातावर राहिले. कट्ट्यावर जाणं बंद. कुणी चौकशीला आलं तर तोंडावर उपरणं धरून बोलत. चार किलो वजन घटलं. डावीकडे ठणका सुरू झाला तेव्हा डॉक्टर घरी येऊन पाहून गेल्या. हाडाला अजून तडा नाही, पण दिवस भरत आलेत, असं म्हणाल्या. फॉर्म टेबलावर ठेवून गेल्या.

अठराव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मच्छिंद्र थेट बाबांच्या घरी आला. हातात घासपट्टीची डबी आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. त्याच्या बायकोनं दिलेल्या. मी नेमकी डबा द्यायला आले होते. त्याला आत बोलवावं की नाही हे बाबांना ठरवता येईना, तोवर तो चप्पल काढून आत येऊन खाली बसलासुद्धा.

"यंत्रावर बघितलं डॉक्टरीनबाईंनी," तो बाबांना म्हणाला. "सत्त्याण्णव आलं. आता दोनी अंगाला सारकंच हाय साहेब. काळजी करू नगा."

बाबांनी उपरण्याआडून त्याला न्याहाळलं. हद्दीवरच्या शेतकऱ्याला न्याहाळत असत तसंच. मग उठून कपाटातून कोरा कागद काढला आणि पेन घेऊन लिहू लागले. अर्धं पान भरलं. कागद त्यांनी मच्छिंद्रपुढे सरकवला आणि मला म्हणाले, "वाचून दाखव त्याला."

मी वाचलं. 'लिहून देणार मच्छिंद्र सरगर, राजीखुशीने लिहून देतो की, सदानंद कुरुंदवाडकर यांच्या जबड्यात माझ्या घासामुळे जे हाड तयार झाले आहे व पुढे होईल, त्यावर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही...'

मला पुढे वाचवेना. तोच मजकूर होता. तेच 'राजीखुशीने'. सव्वीस वर्षांत स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता.

"हे कशापायी?" मच्छिंद्रनं विचारलं.

"उद्या तू म्हणशील, हाड माझं," बाबा म्हणाले.

मच्छिंद्र हसला. अगदी मोकळं, सगळे दात दाखवून. डाव्या दाढेवरची माझी कॅप चकाकली. "आणि म्हनून काय करू? घिऊन जाऊ? द्या, करतो सही. पर साहेब, एक इचारू? मी काय मालक न्हाई म्हनता, मग सोडायला काय लावताय?"

मला बोलायचं होतं. सव्वीस वर्षं घोटलेलं वाक्य जिभेवर होतं, पण ते या माणसानं माझ्या आधीच आणि माझ्यापेक्षा बऱ्या आवाजात म्हटलं होतं. मी फक्त एवढंच म्हणाले, "बाबा, ज्याचा हक्क असतो तोच सोडू शकतो. तुम्हीच सांगितलं होतंत."

बाबांनी टेबलावरचा दहावा साचा उचलला. एवढे दिवस त्यांनी त्याला हात लावला नव्हता. अंगठा उजव्या उंचवट्यावरून फिरवला, मग डाव्या खड्ड्यातून, पुन्हा उजवीकडे. बांध कुठे होता आणि कुठे सरकला ते पायानं चाचपावं तसं. साचा खाली ठेवून त्यांनी हक्कसोडपत्र परत ओढून घेतलं आणि त्याची चौकोनी घडी करून ते खिशात घातलं. फाडलं नाही. ते बाबा आहेत, कागद फाडत नाहीत.

मग डॉक्टरांचा फॉर्म पुढे घेतला. दात्याचं नाव त्यांनी मच्छिंद्रला विचारून, वडिलांच्या नावासकट, नीट लिहिलं. नात्याच्या रकान्याशी पेन थांबलं. तिथे 'काही नाही' लिहिता आलं असतं. 'रखवालदार' लिहितील अशी मी मनाची तयारी करून बसले होते. त्यांनी खूप विचार केला, बोळकं दोनदा हललं, आणि सरकारी वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: 'सहहिस्सेदार'.

त्यांना माणसाशी असलेलं याहून मोठं नातं माहीत नाही. सातबारावर एकाच ओळीत ज्यांची नावं येतात ते सहहिस्सेदार. सख्ख्या भावाला ते तसं लिहीत. मला त्यांनी तसं कधी लिहिलं नाही. गेटवर उभं राहणाऱ्या माणसाला तो शब्द चौदा दिवसांच्या भाकरीत मिळाला, आणि मी सतरा वर्षं त्यांचा जबडा हातात घेऊन हिंडले. मला फार राग आला. खरं म्हणजे रडू आलं, पण आधी राग आला.

मच्छिंद्रनं फडकं सोडलं. बाजरीच्या भाकऱ्या, लसणीची चटणी, कांदा. त्यानं एक भाकरी बाबांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी खिशातला रुमाल काढला, उलगडला, आमच्याकडे पाठ करून कवळी बसवली. जुनीच नोंद होती अजून, एका अंगाची. मच्छिंद्र म्हणाला, "साहेब, आजच्या दीस उजवीकडनंच चावा." बाबांनी मुकाट्यानं उजवीकडे घास घेतला.

मी दारातच उभी होते. सवयीनं.

"ताई, उभ्यानं नगा," मच्छिंद्र म्हणाला आणि बाबांच्या शेजारची जागा हातानं झटकून मला मोकळी करून दिली. मी बाबांकडे पाहिलं. ते चावत होते, तोंड भरलेलं होतं, त्यामुळे नाही म्हणता येत नव्हतं. किंवा म्हणायचं नव्हतं. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मी ते सोडवले, खाली बसले आणि भाकरीचा तुकडा मोडला.